बिनविरोध गाव

गेल्या शिमग्याआधी आमच्या गावकीच्या वहीत जो ठराव लिहिला गेला, तो मी लिहिला. मजकूरही माझाच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी दुसऱ्या कुणाची तक्रार मांडायला बसलो आहे असं पुढे कुणाला वाटायला नको.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. सत्तावीस वर्षं झाली. गाव एसटीने दीड तासावर, घाटाच्या अंगाला आहे. तिथे माझा थोरला भाऊ, दादा, कुटुंबासह राहतो. मी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात जातो. गावात मला आता नावाने कुणी हाक मारत नाही, ‘सर’ म्हणतात. लहानपणी ज्यांच्या परड्यातले पेरू चोरले तेही ‘सर’ म्हणतात आणि खुर्ची पुढे करतात. या खुर्चीची मला सवय झाली होती.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी एक प्रकरण दर वर्षी शिकवतो: नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत संविधानाप्रमाणे चालणारं शासन कसं रुजतं. माझ्या टिपणांची पानं पिवळी पडली आहेत, वाक्यं तीच आहेत. राज्यघटना एका दिवसात लागू होते, पण तिच्याप्रमाणे वागायची सवय लागायला पिढ्या जातात. परके राज्यकर्ते गेल्यावर कितीतरी देशांत पहिल्याच नेत्याने सांगितलं, आपण सगळे एक आहोत, मग विरोधी पक्ष हवा कशाला? आपल्या परंपरेत भांडण नाही, एकमत आहे. आणि थोड्याच वर्षांत तिथे एकच पक्ष उरला आणि घटना कपाटात गेली. विरोधात उभा राहणारा माणूस शत्रू नसतो, हे शिकणं या देशांना सगळ्यात अवघड गेलं, असं मी सांगतो. मग जरा थांबतो आणि म्हणतो, “आपल्याकडे तसं झालं नाही.”

एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, पण आमच्या गावात बिनविरोधच होतं. भांडणं नकोत म्हणून.”

वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, “ते स्थानिक पातळीवर. आपण देशाबद्दल बोलतोय.”

तिने ते वहीत लिहून घेतलं. मी पुढे गेलो.

गावकी म्हणजे गावाची परंपरेने चालत आलेली बैठक. देऊळ, सण, कुणाचा मान पहिला, कुणाच्या बांधावरून वाट, सगळं तिथे ठरतं. कायद्यात तिचा कुठे उल्लेख नाही. ग्रामपंचायत आहे, तिचं कार्यालय आहे, भिंतीवर संविधानाची प्रस्तावना लावलेली आहे. पण पंचायतीची निवडणूक लागली की आमच्याकडे आधी सहाणेवर बैठक बसते. सहाण म्हणजे देवळापुढचा पालखी टेकवायचा दगडी चौथरा. कुठल्या वाडीने कोण द्यायचा, कुणाची पाळी, हे तिथे ठरतं आणि जेवढ्या जागा तेवढेच अर्ज तालुक्याला जातात. आमचा गाव कित्येक वर्षं बिनविरोध. वर्तमानपत्रात फोटो येतो. मी स्वतः एका मासिकात या पद्धतीवर लेख लिहिला होता, आपल्या खेड्यांच्या समंजसपणाबद्दल. तो लेख गावकराने लॅमिनेट करून घरात लावला आहे. गावकर म्हणजे गावकीचा प्रमुख. मला नदीत पोहायला त्यानेच शिकवलं. माणूस वाईट नाही. हे मी त्याला वाचवायला म्हणत नाही, खरंच नाही.

आता वहिनींबद्दल. माझ्या चुलत भावाची ही बायको. भाऊ मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहे, वर्षातून दोनदा येतो. शेत, गुरं, सासरा, सगळं ही एकटी बघते. त्यांच्या वाडीला नळाचं पाणी यायचं होतं. पाइप येऊन शाळेच्या भिंतीला दोन वर्षं टेकून पडले होते, त्यांच्यावर वेल चढले होते. वहिनी ग्रामसभेत दर वेळी विचारायच्या, आणि दर वेळी ‘बघू’ असं उत्तर यायचं.

पंचायतीची निवडणूक तोंडावर असताना संविधान दिनाला गावच्या शाळेत मला भाषणाला बोलावलं. मी म्हणालो, “या देशात निवडणुकीला उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. हे आपल्या घटनेने आपल्याला दिलंय.” टाळ्या पडल्या. गावकरानेही वाजवल्या. वहिनी पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंशेजारी उभ्या राहून ऐकत होत्या.

आठ दिवसांनी त्या रत्नागिरीत माझ्या दारात. पिशवीत कुळीथ आणि भोपळ्याची एक भली मोठी फोड.

“भावजी, त्या दिवशी बोललात ते खरं ना? का नुसतं भाषण?”

“खरंच की, वहिनी.”

“मंग मी फॉर्म भरते. आमच्या वाडीची जागा बायांसाठी हाय. गावकीनं गावकराच्या सुनेचं नाव ठरवलंय. ती बिचारी सहा महिने चिपळूणला माहेरी. तिला आमचे पाइप तरी म्हायती हायत का?”

माझी बायको स्वयंपाकघरातून हसली. मी म्हणालो, “भरा. हक्क आहे तुमचा.”

“हक्क हाय त्ये कळलं वो. नंतर कोन बोलंल ना माझ्याशी?”

“न बोलून जातील कुठे?” मी म्हणालो, आणि त्यांना एसटी स्टँडवर सोडून आलो.

बिनविरोध गावात मतदान झालं. वहिनी हरल्या, बऱ्याच मतांनी हरल्या. मी फोन केला तर आवाजात दुःख नव्हतं. “हरले भावजी. पन सगळ्यांच्या बोटाला शाई लागली. म्हातारी मान्सं बोट दाखवत फिरतायत. आमचा सासरा त्ये बोट धुवंना झालाय.”

फाल्गुनात, शिमग्याच्या आधीच्या रविवारी दुपारी, गावकी बसली. दादाने मला मुद्दाम बोलावून घेतलं. वहिनींना आधीच निरोप गेला होता: सहाणेवर नारळ ठेवायचा आणि गावाची माफी मागायची. त्या आल्या. बायका सहाणेवर चढत नाहीत, म्हणून खाली उभ्या राहिल्या.

“कशाची माफी? हरल्याची?”

कुणीतरी फस्सकन हसलं आणि गावकराच्या तोंडाकडे बघून गप्प झालं.

“बाय, तुझ्यावर राग नाय कोनाचा,” गावकर म्हणाला. “पन गावाचा शब्द मोडलास. येक नारळ ठेव, विषय संपला.”

“नारळ देवाला ठेवीन. माफीचा नाय ठेवायची.” आणि वहिनी आल्या वाटेने परत गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी चपलेचा अंगठा नीट करत होतो. तो तुटलेला नव्हता.

मग मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाला फोन लागला. आमच्याकडे मुंबईकरांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. फोन सहाणेवर मधोमध ठेवून स्पीकर लावला. तिकडून आवाज आला, “वहीत वाळीत-बिळीत लिहू नका हां. कायदा आलाय. सगळे आत जाल आणि आम्हाला सुट्ट्या टाकून यायला लागेल. सर हायत ना तिथं? सरांना लिवायला सांगा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादाने वही माझ्या मांडीवर ठेवली.

त्या वेळी काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. मी भ्यालो असं सांगणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. कुणी धमकी दिली नव्हती. मला वाटलं, मी नाही लिहिलं तर हे लोक काहीतरी कठोर लिहितील. मी सौम्य लिहीन. शिकलेल्या माणसाला स्वतःबद्दल असे गैरसमज सहज होतात. मी लिहिलं: ‘सदर कुटुंब गावकीच्या सर्व कार्यक्रमांपासून स्वेच्छेने दूर राहू इच्छिते, याची गावकी नोंद घेत आहे.’ मोठ्याने वाचून दाखवलं.

“वा, सर,” गावकर म्हणाला. “कुठं बोट ठेवायला जागा नाय.”

आणि मला बरं वाटलं. हे कबूल करणं सगळ्यात जड जातं आहे. वाक्य चांगलं जमल्याचं मला बरं वाटलं.

शिमग्यात आमच्याकडे देवीची पालखी घरोघर जाते. ज्या घरी जाते तिथली बाई ओटी भरते, वर्षाची सुखदुःखं देवीच्या कानावर घालते. नवरे मुंबईला असलेल्या बायकांचं वर्षभराचं बोलणं तेवढंच. खांदेकरी पाळीपाळीने बदलतात. आमच्या घराची पाळी होती. वहिनींच्या अंगणाशी आलो तेव्हा पुढचा दांडा माझ्या खांद्यावर होता.

अंगण सारवलेलं होतं. रांगोळी घातली होती, पाट मांडला होता. वहिनी ताट घेऊन उभ्या होत्या आणि सासरा धुतलेलं धोतर नेसून पायरीवर बसला होता. त्यांना ठराव माहीत नव्हता असं नाही. पण देवी थांबेल असं त्यांना वाटलं असावं. ढोल वाजवणाऱ्यांनी ढोल थांबवला नाही. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, “चला सर, उचला पाय.” मी उचलले. म्हाताऱ्याने तिथूनच हात जोडले, पालखी वळणाआड जाईपर्यंत.

त्यानंतर एकेक गोष्ट होत गेली. गिरणीत वहिनींचं दळण घेतलं जाईना. वाडीतल्या बायका विहिरीवर त्या आल्या की घागर उचलून जात. लावणीला आमच्याकडे एकमेकांच्या शेतात हात द्यायची पद्धत आहे. त्यांच्या शेतात कुणी उतरलं नाही. चुलत भाऊ चार दिवसांची रजा काढून मुंबईहून आला. नवरा-बायकोने जमेल तेवढी लावणी केली, उरलेली रोपं तरव्याच्या वाफ्यातच पिवळी पडली. हे मला दादाने फोनवर सांगितलं, पावसाचं सांगावं तसं. मी ‘अरेरे’ म्हणालो. त्याच आठवड्यात कॉलेजात तेच प्रकरण होतं. मी ते शिकवलं. आपल्याकडे तसं झालं नाही, हे वाक्य तेवढं गाळलं. पोरांना काय कळणार होतं?

लावणी संपल्यावर वहिनींनी तक्रार केली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे. तोही मी शिकवतो. चौकशी लागली. गावकीने वहीच्या त्या पानाची प्रत दिली: हे बघा, कुटुंब स्वेच्छेने दूर आहे, कुणी वाळीत टाकलेलं नाही. तो एक शब्द उभा होता तोवर वहिनींची तक्रार पडणार होती. तक्रार पडली की पुढच्या शिमग्यालाही पालखी थांबणार नव्हती, पुढच्या लावणीलाही कुणी येणार नव्हतं, आणि म्हातारा गेला तर खांदा द्यायला चार माणसं मिळणार नव्हती.

गणपतीला दहा-बारा दिवस असताना त्या पुन्हा माझ्या दारात आल्या. या वेळी पिशवी रिकामी होती. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“भावजी, अक्षर तुमचं हाय. मॅडमनी कागद दाखवला तवाच वळखलं मी.”

मी पुन्हा खुर्ची पुढे केली.

“मी कवा बोलले तुमाला, मला लांब ऱ्हायचंय म्हनून?”

“नाही बोललात.”

“मंग येवढं त्यांना येऊन सांगा. सोमवारी बोलावलंय.” त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “फॉर्म भर म्हनून सांगितलंत तवा पटकन बोललात. आता येळ लागतोय. घ्या. सोमवारपर्यंत हाय येळ.”

रविवारी मी गावी गेलो. दादाला सांगितलं, मी जाऊन खरं काय ते सांगणार आहे. तो गणपतीच्या मखराला रंग देत होता. ब्रश तसाच हातात ठेवून म्हणाला, “सांग. तू रत्नागिरीत ऱ्हातोस. मार्गशीर्षात पोरीचं लगीन हाय. मांडव कोन घालनार? तू घालशील? वाढायला कोन येईल, तुजी कॉलेजची पोरं?”

“दादा, तिने काय वाईट केलं होतं?”

“कायच नाय केलं,” तो म्हणाला. “मला काय कळत नाय? मीच तिला मत दिलं होतं.”

तो पुन्हा रंग देऊ लागला. थोड्या वेळाने म्हणाला, “हे कोनाला बोलू नको.”

येताना एसटीत खिडकीशी बसून मी हिशोब लावायचा प्रयत्न केला, की त्या सहाणेवर बसलेल्यांपैकी आणखी कितीजणांनी तिला मत दिलं असेल आणि नंतर मान डोलावली असेल. मतपेटीपुढे माणूस एकटा असतो. सहाणेवर नसतो. इतकी वर्षं शिकवून हे मला एसटीत कळलं.

सोमवारी रत्नागिरीतल्या कचेरीत गेलो. चौकशी अधिकारी तरुण बाई होत्या. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या.

“हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“मजकूर कुणी सांगितला?”

“मीच केला.”

“कुटुंबाने स्वेच्छेने दूर राहतो असं तुम्हाला सांगितलं होतं?”

“नाही. त्यांना माफी मागायला बोलावलं होतं. त्यांनी मागितली नाही, म्हणून ठराव केला.”

त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, “बैठकीला कोण कोण हजर होतं? ठराव करा असं कोण म्हणालं?”

मी म्हणालो, “नक्की आठवत नाही. बरेच लोक होते.”

त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि “ठीक आहे” म्हणाल्या. मी सही केली. सगळा दोष मी स्वतःवर घेतला आहे, याचं बाहेर येताना मला समाधान वाटत होतं.

वहिनी व्हरांड्यात होत्या. दोघे चालत स्टँडवर आलो. त्यांच्या गाडीला अर्धा तास होता. मी चहा घेऊ म्हणालो, त्या नको म्हणाल्या.

“सांगितलं ना खरं?” त्यांनी विचारलं.

“सांगितलं. माझ्यामुळे झालं म्हणून सांगितलं.”

“तुमच्यामुळं?” त्या खरोखरच चकित झाल्या. “तुमी तर लिवलंत निस्तं. दळनाला काय तुमी नाय बोललात? विहिरीवर तुमी होतात?”

“नावं आठवत नाहीत म्हटलं.”

त्यांनी फलाटावर लागलेल्या गाड्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, “सगळ्या गावानं केलं म्हंजे कोनीच नाय केलं, असंच ना? त्ये तर गावकीपन बोलतेय.” गाडी लागली. चढताना म्हणाल्या, “तुमचं घर वाचलं पायजे, त्ये कळतं मला. माझं पन घरच हाय.”

त्या रात्री आणि पुढचा पूर्ण दिवस कॉलेजातही माझ्या डोक्यात तेच होतं. मला नवं काही कळलं नव्हतं. जे कळत होतं तेच आता कुणीतरी तोंडावर म्हटलं होतं. या देशात कायदा आहे, अधिकारी आहे, अर्ज घ्यायला खिडकी आहे. पूर्वी हे काहीच नव्हतं, आणि हे उभं करायला माणसांची आयुष्यं गेली आहेत. त्या खिडकीपाशी एक बाई एकटी चालत गेली. तिला तिथे जे लागत होतं ते माझ्याकडे होतं, आणि मी ते आठवत नाही म्हणालो.

बुधवारी सकाळचा तास मी दुसऱ्याला दिला आणि पुन्हा कचेरीत गेलो. बाई कुठल्याशा दौऱ्यावर होत्या. कारकून म्हणाला, पुरवणी जबाब द्यायचा असेल तर सांगा, मी टाइप करतो, मॅडम उद्या त्यांच्यासमोर सही घेतील. मी स्टुलावर बसून सांगू लागलो. गावकराचं नाव सांगितलं. माफी मागायला लावायचं कुणी सुचवलं ते सांगितलं. फोनवरचा मुंबईकर, गिरणीवाला, ढोल न थांबवणारे दोघे. एकेक नाव निघत गेलं, आणि प्रत्येक नावाबरोबर त्या माणसाचं अंगण डोळ्यांपुढे येत होतं, त्याने कधीतरी दिलेला चहा, काढून दिलेली शहाळी. एकही नाव मी विसरलो नव्हतो.

“झालं?” कारकुनाने विचारलं.

“एक राहिलं,” मी म्हणालो. “वही माझ्या हातात देणारा.” आणि दादाचं नाव सांगितलं.

आडनाव टाइप करताना तो थांबला. “तुमचं नि यांचं एकच आडनाव. नातं काय लिहू?”

“सख्खा भाऊ.”

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर सही करून आलो. वहिनींना मी अजून कळवलेलं नाही. त्यांना कागदावरून कळेल. दादाला मात्र मीच फोन केला. तो ऐकून घेत होता. मागे पुतणीचा आवाज येत होता, कुणाचा फोन म्हणून ती विचारत होती. “सरांचा,” तो तिला म्हणाला. आजवर त्याने मला कधी ‘सर’ म्हटलं नव्हतं. मग त्याने फोन ठेवला.